विष उतरतं, धातू उरतो: उष्णतेत टिकणाऱ्या विकरांबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात गरम झऱ्यांमधल्या जीवाणूंवर लेख होता. पारा, क्रोमियम, आर्सेनिक यांचं विष उतरवणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, या जीवाणूंकडे असतात आणि ती साठ-सत्तर अंशांनाही काम करतात, हा त्याचा गाभा. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये प्रयोगशाळेत प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचे प्रश्न जास्त आहेत, म्हणून उत्तरंही त्याच अंगाने दिली आहेत. सगळी तापमानं सेल्सिअसमध्ये आहेत.

प्रश्न: धातू हे मूलद्रव्य. ते कुठलंही विकर तोडू शकत नाही. मग ‘विष उतरवणं’ म्हणजे नेमकं काय?

विकर धातूचं रूप बदलतं. धातूचा अणू तोच राहतो, पण त्याच्याकडे इलेक्ट्रॉन किती, तो कशाला जोडलेला आहे आणि पाण्यात विरघळतो की नाही, हे बदलतं. विषारीपणा ठरतो तो याच गोष्टींवर.

पाऱ्याचं उदाहरण सर्वांत स्वच्छ आहे. पाण्यात विरघळलेला द्विसंयुजी, म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेला, पारा प्रथिनांमधल्या गंधकाला घट्ट चिकटतो आणि त्यांचं काम बंद पाडतो. मर्क्युरिक रिडक्टेज हे विकर (रिडक्टेज म्हणजे इलेक्ट्रॉन देणारं विकर) एनएडीपीएच या पेशीतल्या इलेक्ट्रॉनवाहक रेणूकडून दोन इलेक्ट्रॉन घेतं, स्वतःजवळच्या एफएडी या पिवळ्या घटकामार्फत ते पाऱ्याला देतं आणि धातुरूप पारा तयार होतो. हा पारा पाण्यात फारसा विरघळत नाही. २५ अंशांना लिटरमध्ये साधारण ६० मायक्रोग्रॅम, बस्स. उरलेला वाफ होऊन पेशीबाहेर जातो. मिथिल-पाऱ्यासारखं सेंद्रिय संयुग असेल तर आधी दुसरं विकर, ऑर्गॅनोमर्क्युरियल लायेज, कार्बन आणि पारा यांच्यातला बंध तोडतं आणि मग रिडक्टेजची पाळी येते. ही दोन विकरं, पाऱ्याला पेशीत आणणारी प्रथिनं आणि पारा दिसताच सगळी जनुकं चालू करणारा नियंत्रक यांची जनुकं डीएनएवर शेजारी शेजारी असतात. या गटाला मेर ओपेरॉन म्हणतात.

क्रोमियममध्ये षट्संयुजी रूप विषारी असतं, सहज विरघळतं आणि सल्फेटच्याच वाटेने पेशीत शिरतं. रिडक्टेज त्याचं त्रिसंयुजी रूप करतं. ते कितीतरी कमी घातक असतं आणि पीएच ८ ते ९ च्या दरम्यान हायड्रॉक्साईड होऊन तळाशी बसतं.

कॅडमियम आणि शिसं यांच्यासाठी असं रिडक्टेज शोधू नका. ही मंडळी द्विसंयुजीच राहतात. जीवाणू त्यांना पंपाने बाहेर फेकतात, मेटॅलोथायोनीनसारख्या प्रथिनात जखडून ठेवतात किंवा सल्फाईड-फॉस्फेटच्या रूपात घट्ट करून टाकतात. ‘कॅडमियम नष्ट करणारं विकर’ असं कुठे छापलेलं दिसलं, तर लिहिणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: धातू गेला कुठे? पुढच्या प्रत्येक उत्तरात हाच प्रश्न पुन्हा येणार आहे.

प्रश्न: साधं विकर ५० अंशांना गोठतं, हे ७० अंशांना टिकतं. त्याच्या रचनेत वेगळं काय असतं?

एकच एक गुपित नाही. पुष्कळ लहान लहान फरकांची ती बेरीज असते. आतला जलविरोधी गाभा अधिक दाटीने भरलेला असतो. पृष्ठभागावर धन आणि ऋण भारांच्या जोड्या जास्त असतात. बाहेर लोंबणारे फास आखूड असतात आणि वळणांवर प्रोलीन असल्याने साखळी तिथे ताठ राहते. कधी दोन किंवा चार उपघटक एकमेकांना घट्ट धरून असतात. एकेका बंधाने मिळणारा आधार लहान असतो, तरी सगळे मिळून घडी सुटू देत नाहीत.

तांबड्या समुद्राच्या तळाशी, दोन हजार मीटरहून खोल, अटलांटिस-२ नावाची खोलगट जागा आहे. तिथलं पाणी सुमारे ६८ अंशांचं आहे, साध्या समुद्रापेक्षा सातपटीने खारट आहे आणि जड धातूंनी भरलेलं आहे. तिथल्या सूक्ष्मजीवांच्या डीएनएमधून मिळालेल्या मर्क्युरिक रिडक्टेजचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. जमिनीतल्या जीवाणूंच्या तशाच विकराशी त्याची तुलना केली, तेव्हा बहुतांश क्रम सारखाच निघाला. मोजक्या अमिनो आम्लांचा फरक होता, आणि तेवढ्यावर खाऱ्या समुद्रातलं विकर मीठ आणि उष्णता दोन्ही सोसत होतं. साध्या विकरात मोजके बदल करून त्याला टिकाऊ करता येईल, ही आशा अशाच निरीक्षणांवर उभी आहे.

या ताठपणाची किंमतही असते. २५ अंशांना अशी विकरं बऱ्याचदा संथ चालतात, कारण काम करताना जेवढं लवचिक व्हावं लागतं तेवढं थंडीत जमत नाही. खोलीच्या तापमानाला तपासून ‘विकर निकामी आहे’ असा निष्कर्ष काढणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

प्रश्न: थर्मस या उष्णताप्रिय जीवाणूचं जनुक ई. कोलाय या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या जीवाणूमध्ये घालून प्रथिन बनवलं. शुद्धीकरणासाठी पेशींचा अर्क ७० अंशांना अर्धा तास ठेवला. ई. कोलायची प्रथिनं गोठली, पण आमचं विकरही तळाच्या त्याच गोळ्यात गेलं. काय चुकलं असावं?

कल्पना बरोबर आहे. ई. कोलायची बहुतेक प्रथिनं ६५ ते ७० अंशांना २०-३० मिनिटांत गोठतात आणि उष्णताप्रिय विकर वरच्या नितळ द्रवात राहतं. न राहण्याची कारणं बहुतेक वेळा पुढच्यांपैकी असतात. तपासायचीही याच क्रमाने.

पहिलं, अर्क फार दाट असणं. लिटरभर वाढीतल्या पेशी १० मिलिलिटरमध्ये फोडल्या तर प्रथिनाचं प्रमाण मिलिलिटरला २० मिलिग्रॅमच्या वर जातं. अशा अर्कात गोठणारी प्रथिनं चांगल्या प्रथिनालाही कवेत घेऊन खाली बसतात. अर्क मिलिलिटरला ३ ते ५ मिलिग्रॅमपर्यंत पातळ करा. त्यात १०० ते ३०० मिलिमोलर सोडियम क्लोराईड असू द्या. अर्क तार धरत असेल तर तो डीएनए आहे. आधी डीएनएज घाला, अर्धा तास बर्फावर ठेवा, मगच तापवा.

दुसरं, तापमान पोचण्यातला उशीर. ५० मिलिलिटरच्या नळीत भरलेला अर्क पाण्याच्या टबमध्ये ठेवला की आतला भाग ७० अंशांना यायला बराच वेळ लागतो. मधल्या चाळीस-पन्नास अंशांच्या टप्प्यात ई. कोलायची प्रथिनं चावणारी विकरं जोरात असतात. त्यामुळे पेशी फोडतानाच त्यांना रोखणारं पीएमएसएफ घाला, आणि १-२ मिलिलिटरच्या पातळ भिंतीच्या नळ्या वापरा किंवा मोठ्या भांड्यात सतत ढवळत तापवा.

तिसरं, सहघटक निसटणं. मर्क्युरिक रिडक्टेजमधलं एफएडी आणि जुन्या पिवळ्या विकराच्या कुळातल्या क्रोमेट रिडक्टेजमधलं एफएमएन प्रथिनाला सहसंयुजी बंधाने बांधलेलं नसतं. तापवताना ते सुटलं तर रिकामं प्रथिन लवकर उलगडतं. शुद्ध विकराचा रंग फिकट पिवळा असायला हवा. तो पांढुरका दिसला तर संशय इथेच घ्या. अर्क तापवण्याआधी १० मायक्रोमोलर एफएडी किंवा एफएमएन, जे लागू असेल ते, घाला. नळ्या उजेडापासून झाका, कारण ही दोन्ही फ्लॅव्हिन प्रकाशात बिघडतात.

चौथं, प्रथिन मुळातच नीट घडलेलं नसणं. थर्मसच्या डीएनएत ग्वानिन-सायटोसिनचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे ई. कोलायला न मानवणारे कोडॉन, म्हणजे अमिनो आम्लांच्या तीन-अक्षरी खुणा, त्यात येतात. ते कोडॉन वाचणारे दुर्मीळ टीआरएनए पुरवणारी ई. कोलायची रोझेटासारखी जात वापरा किंवा कोडॉन बदललेलं जनुक मागवा. जनुक चालू करणारं आयपीटीजी ०.१ ते ०.२ मिलिमोलर पुरे. ते घातल्यावर तापमान २० ते २५ अंशांवर आणून रात्रभर वाढवा. तापवण्याआधीच्या अर्काचा विरघळलेला आणि न विरघळलेला भाग जेलवर शेजारी शेजारी चालवून पाहा. विकर आधीच गाळात असेल तर उष्णतेला दोष देण्यात अर्थ नाही.

हे सगळं करण्याआधी तासाभराचा एक प्रयोग करा. अर्काच्या २०० मायक्रोलिटरच्या सहा नळ्या ५०, ५५, ६०, ६५, ७० आणि ७५ अंशांना २० मिनिटं ठेवा, १० मिनिटं बर्फावर थंड करा आणि सेंट्रिफ्यूजमध्ये १५,००० जीला (गुरुत्वाकर्षणाच्या १५,००० पट) अर्धा तास फिरवा. वरच्या द्रवाची सक्रियता आणि एकूण प्रथिन मोजा. ज्या तापमानाला सक्रियता ९० टक्क्यांच्या वर टिकली आणि प्रथिन सर्वांत जास्त घटलं, ते तुमचं तापमान. ते ६० निघालं तर ६०. झरा ७० अंशांचा होता म्हणून विकराने ७० सोसलंच पाहिजे असं नाही. पेशीच्या आत त्याला सांभाळणारे क्षार, लहान रेणू आणि घडी जपणारी चॅपरोन प्रथिनं असतात. तुमच्या बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, त्यातलं काहीच नसतं.

प्रश्न: मर्क्युरिक रिडक्टेजची सक्रियता ३४० नॅनोमीटरला, एनएडीपीएच शोषतं त्या प्रकाशात, मोजतो. पण पारा न घालताही रेषा खाली येते. शिवाय कधीकधी पारा घातल्यावर विकर थंडच पडतं.

दोन वेगळे दोष आहेत.

पारा नसताना रेषा उतरण्याची दोन कारणं. विकर थोडंसं एनएडीपीएच ऑक्सिजनवर खर्च करतं, हा फ्लॅव्हिन विकरांचा स्वभावच आहे. आणि तापलेल्या बफरमध्ये एनएडीपीएच आपोआपही बिघडतं. फॉस्फेटमध्ये आणि कमी पीएचला ते अधिक लवकर बिघडतं. म्हणून प्रत्येक तापमानाला दोन कोरे नमुने हवेत: एक विकराशिवाय, एक पाऱ्याशिवाय. पाऱ्याशिवायचा उतार वजा केल्यावर उरतो तो खरा वेग.

विकर थंड पडतं ते पाऱ्यामुळेच. मोकळा द्विसंयुजी पारा विकराच्या स्वतःच्या सिस्टीनला, म्हणजे गंधक असलेल्या अमिनो आम्लाला, पकडतो. पेशीच्या आत पारा नेहमी गंधकाच्या दोन गटांना धरून फिरतो आणि विकराला तो तसाच हवा असतो. म्हणून मिश्रणात गंधकाचा गट असलेलं बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल पाऱ्याच्या दहापट असू द्या.

एक मिलिलिटरची चालणारी कृती अशी: ५० मिलिमोलर सोडियम फॉस्फेट, पीएच ७.४; १ मिलिमोलर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल; २०० मायक्रोमोलर एनएडीपीएच; १०० मायक्रोमोलर मर्क्युरिक क्लोराईड. पाऱ्याचं मूळ द्रावण १० मिलिमोलरचं, म्हणजे १० मिलिलिटर पाण्यात २७.१५ मिलिग्रॅम. त्यातलं १० मायक्रोलिटर क्युव्हेटला, म्हणजे मोजणीच्या चौकोनी नळीला, लागतं. बफर, मर्कॅप्टोइथेनॉल आणि पारा आधी एकत्र करून तापवा. एनएडीपीएच आणि विकर बर्फावरच राहू द्या. एनएडीपीएच घाला, मिनिटभर सरळ रेषा पाहा, मग १० मायक्रोलिटर विकर घालून सुरुवात करा. सुरुवातीचं वाचन १.२ च्या आसपास हवं. ते ०.९ असेल तर एनएडीपीएच जुनं झालंय.

हिशेब सोपा आहे. समजा कोरा उतार वजा करून मिनिटाला ०.१२४ ची घट मिळाली. तिला ६.२२ ने, म्हणजे एक मिलिमोलर एनएडीपीएचच्या शोषणाने, भागा: मिलिलिटरमध्ये ०.०२ मायक्रोमोल, म्हणजे ०.०२ एकक. हे १० मायक्रोलिटर विकराचं काम, तेव्हा विकराच्या द्रावणात मिलिलिटरला २ एकक. त्यात प्रथिन मिलिलिटरला ०.५ मिलिग्रॅम असेल तर विशिष्ट सक्रियता मिलिग्रॅमला ४ एकक.

गरम क्युव्हेटचे काही खास त्रास आहेत. यंत्राच्या पडद्यावर ६५ दिसतं तेव्हा आत ६१-६२ असू शकतं. बारीक तापमापी क्युव्हेटमध्ये बुडवून एकदा खात्री करा. तापलेल्या बफरमधून हवेचे बुडबुडे निघून काचेला चिकटतात आणि रेषा उड्या मारते, म्हणून बफरमधली हवा आधी काढून टाका. झाकण लावा, नाहीतर पाणी उडून द्रावण दाट होतं. प्लास्टिकचं क्युव्हेट या तापमानाला वापरू नका. क्वार्ट्झ किंवा काच घ्या, ३४० ला काच चालते. काचेला पारा चिकटून राहतो, म्हणून भांडी १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून मगच पुन्हा वापरा. काम धुरांड्याखालीच (फ्यूम हूडमध्येच) करा: तयार होणारा पारा वाफ आहे.

बफरबद्दल एक सूचना फार महत्त्वाची. ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने घसरतो. २५ अंशांना ८.० चं ट्रिस ६० अंशांना ७.० होतं. ‘या विकराला ६० अंशांना पीएच ८ आवडतो’ असे निष्कर्ष अशाच ट्रिसमधून निघालेले असतात. फॉस्फेट जवळजवळ हलत नाही, पण शिसं आणि कॅडमियम त्यात गोठून खाली बसतात आणि एनएडीपीएचही त्यात लवकर बिघडतं. एचईपीईएस मधलं आहे, अंशाला साधारण ०.०१४. कोणतंही वापरा, पण पीएच कामाच्या तापमानालाच जुळवा.

प्रश्न: विकर दहा मिनिटं उकळून नियंत्रण नमुना केला. त्यातही सक्रियता दिसते. म्हणजे क्रिया विकराची नाही का?

असेलही. उष्णतेत टिकणाऱ्या विकराला ‘उकळून मारलेला’ नमुना हे नियंत्रणच नव्हे. काही विकरं ९५ अंशांनाही बराच वेळ तग धरतात. डीएनए बनवणाऱ्या टॅक पॉलिमरेज या विकराचं अर्धायुष्य (सक्रियता निम्मी व्हायला लागणारा वेळ) त्या तापमानाला सुमारे ४० मिनिटं आहे. तुमचा नमुना १२१ अंशांना ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेत तापवा (त्यात पारा घालण्याआधी!) किंवा प्रथिनांची घडी सोडवणारं एसडीएस एक टक्का घालून उकळा. एसडीएस घातलंत तर तेवढंच एसडीएस घातलेला विकराशिवायचा नमुनाही ठेवा.

प्रश्न: एका उत्पादनाच्या माहितीपत्रकात ‘विकराचं इष्टतम तापमान ८० अंश’ असं आहे. म्हणजे ते ८० अंशांच्या सांडपाण्यात दिवसभर चालेल?

यावरून काहीच सांगता येत नाही. इष्टतम तापमान बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांच्या मोजणीतून काढतात. तेवढ्या वेळात विकर झपाट्याने काम करून मरतही असेल, तरी आलेखाचं शिखर ८० लाच दिसेल. मागायचा आकडा आहे अर्धायुष्य, आणि तोही कुठल्या तापमानाला, कुठल्या बफरमध्ये, धातू असताना की नसताना, यासकट.

तो स्वतः काढायचा तर विकर त्या तापमानाला ठेवा, ०, ५, १०, २०, ३० आणि ६० मिनिटांनी थोडं काढून बर्फावर ठेवा आणि मग सगळे नमुने एकाच तापमानाला मोजा. उरलेल्या सक्रियतेचा नैसर्गिक लॉगरिदम वेळेसमोर मांडा. रेषा सरळ आली तर तिचा उतार म्हणजे निष्क्रियतेचा वेग, आणि ०.६९३ ला त्याने भागलं की अर्धायुष्य. ७० अंशांना ३० मिनिटांनी ६० टक्के उरलं असेल तर वेग मिनिटाला ०.०१७, अर्धायुष्य ४१ मिनिटं. असं विकर आठ तासांच्या पाळीत जवळजवळ बारा वेळा निम्मं होईल, म्हणजे शेवटी काहीच उरणार नाही. पण तेच ५० अंशांना आठवडे टिकू शकतं. बऱ्याच ठिकाणी खरा फायदा तोच असतो: साठवण, वाहतूक आणि कोमट पाण्यातलं लांबलचक काम.

प्रश्न: क्रोमेट रिडक्टेजच्या प्रयोगात षट्संयुजी क्रोमियम दाखवणाऱ्या डायफिनाइलकार्बाझाइडचा जांभळा रंग गेला, पण विकराशिवायच्या नळीतही गेला.

६५ अंशांना क्रोमेटला विकराची गरज लागतेच असं नाही. डायथायोथ्रिटॉल, मर्कॅप्टोइथेनॉल, ॲस्कॉर्बेट, यीस्ट अर्क ही सगळी त्याला स्वतःहून क्षपित करतात, म्हणजे इलेक्ट्रॉन देतात, आणि उष्णता वाढली की अधिक वेगाने करतात. शुद्धीकरणात थायोल, म्हणजे मर्कॅप्टोइथेनॉलसारखं गंधकाचा गट असलेलं संयुग, वापरलं असेल तर मोजणीआधी विकर डायलिसिस करून किंवा लहान स्तंभातून काढून थायोलमुक्त करा. म्हणजे पाऱ्याच्या प्रयोगात जे थायोल हवंच, तेच इथे नको. एकाच विद्यार्थ्याने दोन्ही विकरं हाताळली की ही गफलत हमखास होते.

दक्षिण आफ्रिकेतल्या खोल सोन्याच्या खाणीत सापडलेल्या थर्मस स्कोटोडक्टस या जीवाणूचं क्रोमेट रिडक्टेज ६५ अंश आणि पीएच ६.३ ला सर्वांत चांगलं चालतं आणि त्याला कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम लागतं. अशा विकराच्या बफरमध्ये सवयीने ईडीटीए, म्हणजे हेच धातू पकडून ठेवणारं रसायन, घातलं तर सक्रियता शून्य येईल आणि कारण सापडणार नाही.

रंगाची चाचणी अशी: षट्संयुजी क्रोमियम लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत येईल इतका नमुना पातळ करा. १० मिलिलिटर घ्या, गंधकाम्लाने पीएच १ च्या आसपास आणा, ५० मिलिलिटर ॲसिटोनमध्ये २५० मिलिग्रॅम डायफिनाइलकार्बाझाइड विरघळवून त्यातलं ०.२ मिलिलिटर घाला आणि पाच ते दहा मिनिटांत ५४० नॅनोमीटरला वाचा. प्रमाण द्रावणासाठी लिटरभर पाण्यात २८२.९ मिलिग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट म्हणजे लिटरला १०० मिलिग्रॅम षट्संयुजी क्रोमियम. आम्ल घातल्यावर थांबू नका. नमुन्यात थोडंही सेंद्रिय क्षपक असलं तर आम्लात ते क्रोमेट खाऊन टाकतं. खात्रीसाठी एका नमुन्यात क्रोमेटची ठरावीक मात्रा मुद्दाम घाला आणि ती पूर्ण परत मिळते का ते पाहा.

आणि रंग गेला म्हणजे क्रोमियम गेलं असं नाही. एकूण क्रोमियम अणुशोषण यंत्रावर किंवा आयसीपीवर वेगळं मोजा. सायट्रेटसारखं सेंद्रिय आम्ल असेल तर त्रिसंयुजी क्रोमियम विरघळलेलंच राहतं आणि पाण्याबरोबर पुढे जातं.

प्रश्न: आर्सेनेट रिडक्टेज वापरून पिण्याचं पाणी शुद्ध करता येईल?

नाही, उलट होईल. आर्सेनेट रिडक्टेज आर्सेनेटचं आर्सेनाइट करतं, आणि ते जास्त विषारी असतं. जीवाणूला ते परवडतं, कारण त्याच्याकडे आर्सेनाइट बाहेर फेकणारा पंप असतो. त्याची पेशी वाचते, पाणी बिघडतं. जीवाणूची सहनशक्ती आणि पाण्याची शुद्धी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि धातूंवरच्या लिखाणात हा घोळ फार होतो.

पाण्यासाठी उपयोगी क्रिया याच्या उलट दिशेची: आर्सेनाइटचं आर्सेनेट करणारं मॉलिब्डेनमयुक्त आर्सेनाइट ऑक्सिडेज. आर्सेनेटवर ऋण भार असल्याने लोहाच्या हायड्रॉक्साईडवर ते चांगलं चिकटतं, तर पिण्याच्या पाण्याच्या पीएचला आर्सेनाइटवर भारच नसतो. थर्मस ॲक्वाटिकस आणि थर्मस थर्मोफिलस आर्सेनाइटचं झपाट्याने ऑक्सिडीकरण करतात हे २००१ पासून माहीत आहे. विकरानंतर लोहाचा थर हवाच, कारण धातू तिथे अडतो.

प्रश्न: गरम झऱ्यातून पारा सोसणारे जीवाणू वेगळे करायचे आहेत. थाळी घट्ट करणारं आगार ७० अंशांना पातळ होतं, आणि एलबी या नेहमीच्या पोषक माध्यमात सगळेच जीवाणू पाऱ्याला दाद देत नाहीत.

आगार ७० ला वितळत नाही, पण पाणी सोडतं आणि वाळतं. त्याऐवजी ०.८ ते १ टक्का गेलन गम घ्या, थोड्या मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्षारासह, नाहीतर ते घट्टच होत नाही. आगारच वापरायचं असेल तर ३ टक्के घाला. थाळ्या ओल्या कागदासह बंद डब्यात ठेवा आणि वसाहतींना दोन-तीन दिवस द्या. थर्मससाठी ट्रिप्टोन आणि यीस्ट अर्क प्रत्येकी ०.१ टक्का पुरतो. जास्त अन्न त्यांना मानवत नाही.

दुसऱ्या तक्रारीचं मूळ माध्यमात आहे. एलबीमधले पेप्टाइड पाऱ्याला बांधून ठेवतात. थाळीत १०० मायक्रोमोलर घातलं तरी जीवाणूपर्यंत त्याचा लहानसा अंशच पोचतो. कमी अन्नाचं माध्यम घ्या, ५ मायक्रोमोलरपासून चढत जा आणि प्रत्येक पायरीला पारा न सोसणारी ओळखीची जात शेजारी लावा. ती मेली तरच थाळीतला पारा खरा. माध्यम ऑटोक्लेव्ह करून ५५-६० अंशांपर्यंत उतरल्यावर, गाळून निर्जंतुक केलेलं पाऱ्याचं द्रावण घाला. गेलन याहून आधीच गोठू पाहतं, म्हणून त्यात ते थोडं लवकर मिसळा, पण धुरांड्याखाली.

वाढलेल्या वसाहती पारा बाष्परूपात सोडतात का, हे वेगळं तपासावं लागतं. पेशीच्या भिंतीत पारा नुसता चिकटवून ठेवणारे जीवाणूही थाळीवर तितकेच छान वाढतात.

प्रश्न: मग हे विकर सरळ कारखान्याच्या सांडपाण्यात ओतता येईल?

ओतून काही होणार नाही. पाऱ्याच्या प्रत्येक अणूमागे एनएडीपीएचचा एक रेणू खर्च होतो, आणि तो सांडपाण्यात नसतो. बाहेरून घालणं परवडत नाही. त्याला दोन वाटा आहेत. एक, जिवंत पेशी वापरायच्या. त्या साखरेवर जगून एनएडीपीएच स्वतः बनवत राहतात. जर्मनीत क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या क्लोर-अल्कली कारखान्यांच्या सांडपाण्यावर याच तत्त्वाने जीवाणू चिकटलेल्या भरावाचे स्तंभ प्रत्यक्ष चालवले गेले आहेत. पाणी आधी उदासीन करायचं, थोडं पोषण घालायचं, स्तंभातून सोडायचं. क्षपित पारा थेंबांच्या रूपात भरावातच अडकतो, आणि जो निसटतो त्याच्यासाठी पुढे सक्रिय कोळशाचा स्तंभ. ते जीवाणू साध्या तापमानाचे होते. ६० अंशांच्या पाण्यासाठी उष्णताप्रिय जीवाणूच लागतील. उष्णताप्रिय विकराचं जनुक ई. कोलायमध्ये घातलं म्हणून ई. कोलाय ६० अंशांना जगत नाही. टिकाऊ होतं ते फक्त विकर.

दुसरी वाट म्हणजे विकर कणांवर बांधायचं आणि सोबत ग्लुकोज डिहायड्रोजिनेजसारखं एनएडीपीएच पुन्हा भरून देणारं विकर ठेवायचं. इथे दोन्ही विकरं उष्णतेत टिकणारी हवीत. जोडीतलं कमकुवत विकर सगळ्या यंत्रणेचं आयुष्य ठरवतं. ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल तयार होत राहतं, तेव्हा पीएच सतत सांभाळावा लागतो. आमचं मत विचाराल तर मोठ्या प्रमाणावरच्या पाण्यासाठी पेशीच योग्य. बांधलेलं विकर शोभतं ते पारा ओळखणाऱ्या संवेदकात किंवा थोड्या पण महागड्या प्रवाहात.

गरम पाण्यात पाऱ्याचा एक धोका वाढतो आणि प्रस्तावांमध्ये तो बहुधा सुटतो. २५ अंशांना धातुरूप पाऱ्याने संपृक्त झालेल्या हवेत घनमीटरला सुमारे २० मिलिग्रॅम पारा असतो. कामाच्या ठिकाणच्या मर्यादा ०.०२ ते ०.१ मिलिग्रॅमच्या पट्ट्यात आहेत. ६० अंशांना बाष्पदाब दहापटीहून जास्त होतो. तेव्हा उघडी टाकी चालणार नाही. झाकण, बाहेर जाणारी हवा थंड करण्याची सोय आणि तिच्या वाटेवर गंधक मुरवलेला सक्रिय कोळसा हवा. बाहेर पडणाऱ्या पाण्यात उरलेला पारा, भरावात सापडलेला पारा आणि कोळशात अडकलेला पारा यांची बेरीज आत आलेल्या पाऱ्याएवढी जुळली पाहिजे. जुळत नसेल तर फरक हवेत गेला आहे असं धरूनच चाला. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातल्या अकार्बनी पाऱ्याची मर्यादा लिटरला ६ मायक्रोग्रॅम आहे. ६० मायक्रोग्रॅम धातुरूप पारा विरघळलेलाच राहू शकतो हे लक्षात घेतलं तर शेवटचा कोळशाचा टप्पा का टाळता येत नाही ते दिसेल.

प्रश्न: प्रयोगानंतर उरलेलं पारा आणि क्रोमेटचं द्रावण कसं ठेवायचं?

दोन्ही वेगळ्या, घट्ट झाकणाच्या बाटल्यांत, नाव आणि प्रमाण लिहून, घातक कचरा घेणाऱ्या यंत्रणेसाठी. बेसिनमध्ये थेंबही नको. पारा असलेल्या थाळ्या किंवा पेशी ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका, पारा वाफ होऊन यंत्रभर पसरतो. पेशी रसायनाने मारायच्या असतील तर ग्लुटाराल्डिहाइड घ्या, ब्लीच नको. ब्लीच धातुरूप पाऱ्याला पुन्हा विरघळणारा द्विसंयुजी पारा करतं आणि विकराने केलेलं सगळं काम उलटवतं. क्रोमियमच्या बाटलीतही तेच: त्रिसंयुजी झालेल्या गाळावर ब्लीच पडलं की षट्संयुजी क्रोमेट परत येतं. हातमोजे, पिपेटच्या टिप आणि पुसलेले कागद त्याच कचऱ्यात जातात, साध्या डब्यात नाही.